तिसऱ्या रांगेतून अल्फार्ड

मोटारींविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की गेली वीसेक वर्षं मी त्यांच्यात मागे बसत आले आहे. मागे म्हणजे अगदी मागे, तिसऱ्या रांगेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून मी नागोयाला आले आणि दुभाषी म्हणून कामं घेऊ लागले. चाकणचे सुटे भाग करणारे, कोल्हापूरच्या शिरोलीचे फाउंड्रीवाले, नाशिकचे प्रेसशॉपवाले इकडे आइची प्रांतात आले, की विमानतळावरून कारखान्यात, कारखान्यातून जेवायला आणि जेवून हॉटेलवर, मी त्यांच्या सोबत. या येण्याजाण्यात जी गाडी सर्वांत जास्त वेळा वाट्याला आली, ती टोयोटाची अल्फार्ड. तिच्या चारही पिढ्यांत मी बसले आहे. चालवली एकही नाही.

गाडीत कोणी कुठे बसायचं, याचे जपानात पक्के संकेत आहेत. सेडान असेल तर चालकाच्या मागची जागा सर्वांत मानाची आणि चालकाच्या शेजारची सर्वांत कनिष्ठाची. मोठी व्हॅन आली तेव्हा मान दुसऱ्या रांगेतल्या दोन सुट्या खुर्च्यांकडे गेला. तिथे पाहुणा आणि यजमान शेजारीशेजारी. पुढे, चालकाच्या बाजूला, यजमान कंपनीतला एखादा पोरगेला इंजिनिअर, रस्ता आणि घड्याळ सांभाळायला. दुभाषी तिसऱ्या रांगेत, दोन खुर्च्यांमधल्या फटीतून पुढे वाकून. ही जागा मला कोणी नेमून दिली नव्हती. तिथे मधोमध बसलं की दोन्ही माणसं सारखीच ऐकू येतात, म्हणून ती आपसूक माझी झाली.

मी काम सुरू केलं तेव्हा पाहुण्यांना न्यायला काळ्या क्राउन यायच्या, सीटवर पांढऱ्या लेसची कव्हरं घातलेल्या. पाच पाहुणे असले की दोन गाड्या, आणि दुभाषी एक. मी ज्या गाडीत नसे, त्या गाडीत सगळे एकमेकांकडे बघून हसत आणि मग खिडकीबाहेर बघत बसत. थोडक्यात, रस्त्यावरचा वेळ सगळ्यांच्याच सुट्टीचा असे. व्हॅननं ही सुट्टी बंद केली. सगळी माणसं एका छताखाली आली, बोलता येईल इतकी जवळ आली, आणि बैठक गाडीतच पुढे चालू राहू लागली. दरांची घासाघीस मी कारखान्यांच्या मीटिंग रूममध्ये जितकी केली असेल, जवळजवळ तितकीच इसेवानगान एक्स्प्रेसवेवर केली आहे. मोठ्या कंपन्यांचे अधिकारी, आणि त्यांच्या मागोमाग मंत्रीसंत्री, सेडान सोडून या उंच गाडीत का येऊन बसले याची कारणं पुष्कळ सांगतात. पाय पसरायला जागा आहे, उतरताना कंबर मोडावी लागत नाही, गाडीत कपडे बदलता येतात. ती खरीच आहेत. पण मला विचाराल तर मुख्य कारण हे, की या गाडीत काम थांबत नाही. दुभाष्याइतकं हे दुसरं कोणाला कळणार?

या गाडीची सुरुवात मात्र साहेबलोकांसाठी झालेली नव्हती. नव्वदीच्या दशकात जपानी कुटुंबं मोठ्या व्हॅनकडे वळत होती. टोयोटानं १९९५ मध्ये ग्रॅनव्हिया आणली, पण तिच्यात हायएस या मालवाहू घराण्याचं रक्त होतं आणि ते दिसायचं. १९९७ च्या मे महिन्यात निस्साननं एलग्रँड आणली आणि सगळा बाजार उचलून नेला. रुंद छाती, मागच्या चाकांना ताकद, मोठं व्ही-सिक्स इंजिन. माझ्या ओळखीचे जुने ड्रायव्हर अजून त्या पहिल्या एलग्रँडचं नाव आदरानं घेतात. टोयोटाचं उत्तर आलं २००२ च्या मे महिन्यात. वासुकी तारकासमूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याचं नाव घेऊन अल्फार्ड आली, आणि त्याच महिन्यात निस्साननं नवी एलग्रँड बाजारात उतरवली.

ती लढाई कशी लागली हे मला भाड्याच्या गाड्यांच्या एका मालकानं समजावलं होतं. नवी एलग्रँड मागच्या चाकांवरच चालत होती आणि सुरुवातीला तिला एकच इंजिन होतं, साडेतीन लिटरचं. अल्फार्ड पुढच्या चाकांवर चालणारी. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, त्यामुळे फरशी सपाट ठेवणं सोपं. तीन लिटरचं व्ही-सिक्स होतंच, पण सोबत २.४ लिटरचं साधं चार सिलिंडरचंही होतं. जपानात मोटारीचा वार्षिक कर इंजिनाच्या आकारावर बसतो. तेव्हाच्या दरानं २.४ लिटरला ४५,००० येन आणि साडेतीन लिटरला ५८,००० येन. वरून पेट्रोल. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला मोठी खोली हवी होती, मोठं इंजिन नको होतं. निस्साननं दोनेक वर्षांनी अडीच लिटरचं इंजिन दिलं खरं, पण तोवर लोकांचे पाय अल्फार्डच्या शोरूमकडे वळले होते. २००३ मध्ये तर हायब्रिड अल्फार्डही आली, घरातल्यासारखी १०० व्होल्टची वीज देणारा प्लग घेऊन. आमच्या एका पाहुण्यानं त्यावर लॅपटॉप लावून रस्ताभर कोटेशन दुरुस्त केलं होतं.

पहिल्या पिढीतली तिसरी रांग मला शरीरानं आठवते. खाली मागची चाकं, पाठीमागे सामान, आणि मधे मी. सेडानमध्ये डिकी आणि माणसं यांच्यात एक पडदी असते. व्हॅनमध्ये पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत एकच पोकळी. शिवाय दोन्ही बाजूंना सरकत्या दारांसाठी मोठमोठी भोकं पाडलेली, त्यामुळे सांगाडा मुळातच पिळवटायला सोपा. नागोयाच्या उन्नत रस्त्यांवर ठरावीक अंतरानं जोड येतात. दर जोडाला मागून एक धबधब उठायची आणि खालच्या पट्टीतला एक घुमारा सबंध गाडीत भरायचा. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसं व्हायचं. तो आवाज कानाला मोठा वाटत नाही, पण बोलण्यातली बारीक व्यंजनं खाऊन टाकतो. पुढे बसलेल्यांची तोंडं पुढे, माझे कान मागे. आकड्यांच्या बाबतीत अंदाज चालत नाही, म्हणून मी प्रत्येक आकडा वहीत लिहायची आणि वही मधल्या फटीतून पुढे धरायची. दोघांनी मान डोलावली की पुढचं वाक्य.

त्या दिवसांत सगळ्यात जास्त धसका ड्रायव्हर लोकांनी घेतला होता तो आमच्या हातांचा. विजेवर सरकणारं दार आपल्याकडे तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं. आमचे सगळे पाहुणे ओम्नीत वाढलेले. ओम्नीचं दार धरून जोरात ओढायचं असतं, त्याशिवाय ते लागत नाही. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर बटण दाबून अदबीनं उभा राही, दार शांतपणे सरकू लागे, आणि आतून एक दणकट मराठी हात येऊन त्याला खच्चून ओढी. मोटर कण्हायची. ड्रायव्हर चेहऱ्यावर काही दाखवत नसे, फक्त त्याचे खांदे वर जात. पुढे पुढे मी विमानतळावरच सांगून टाकायला लागले, "दाराला हात लावू नका, ते आपलं आपण लागतं."

सामानाची गोष्ट वेगळीच. तिसरी रांग उघडी ठेवली की तिच्या मागे फार थोडी जागा उरते. जपानी माणूस दोन दिवसांसाठी निघाला तर एक छोटी बॅग घेतो. आमच्याकडचे पाच जण म्हणजे पाच मोठ्या सुटकेसी, शिवाय यजमानांना द्यायच्या गणपतीच्या मूर्ती, शिवाय भाकरवडी आणि चिवडा. तिसरी रांग दोन्ही बाजूंना उचलून भिंतीला टांगता येते, पण मग मी कुठे बसणार? एक बाजू टांगायची, दुसऱ्या बाजूला मी, आणि सुटकेस माझ्या गुडघ्यांना टेकलेली, अशी तडजोड बहुतेक वेळा व्हायची. एकदा शिरोलीचे एक वयस्क फाउंड्रीवाले मागे वळून बघून म्हणाले, "अवो ताई, तुमी तिकडं सांदीत कशाला बसलायसा? म्होरं या की." आणि खरंच उठायला लागले. यजमान गोंधळले; पाहुण्यानं मानाची जागा सोडली तर त्यांनी कुठे बसायचं? मी कसंबसं समजावलं. मग ते गृहस्थ सबंध रस्ता खुर्चीत आडवे होऊन, पाठ दाराला लावून बसले, म्हणजे मला वाकावं लागू नये. यजमानांनीही नाइलाजानं अर्धं वळून घेतलं. त्या प्रवासात बोलणी चांगली झाली.

दुसरी पिढी २००८ च्या मे महिन्यात आली. हिच्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आहे, कारण मंदीमुळे त्या काळात पाहुणेच कमी आले. लक्षात राहिली ती दोन तोंडं. टोयोटाच्या विक्रेत्यांच्या वेगवेगळ्या साखळ्या होत्या. टोयोपेटच्या दुकानात अल्फार्ड आणि नेट्झच्या दुकानात तीच गाडी वेगळ्या चेहऱ्यानं, व्हेलफायर या नावानं. अल्फार्ड जरा घरंदाज, व्हेलफायरचे दिवे दुमजली आणि मुद्रा दांडगाईची. तरुणांनी दांडगाईला मतं दिली आणि काही वर्षं व्हेलफायरच जास्त खपली. निस्साननं २०१० मध्ये तिसरी एलग्रँड आणली, तीही आता पुढच्या चाकांवर चालणारी, पण उंची उतरवून १,८१५ मिलिमीटरवर आणलेली. वळणावर ती गाडी नक्कीच जास्त स्थिर असे. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला हे पोटातून कळतं. पण ग्राहकाला वळणाशी कर्तव्य नव्हतं. त्याला सिग्नलला शेजारच्या गाडीच्या छतावरून पलीकडे बघायचं होतं. भाड्याच्या गाड्यांत एलग्रँड मला नंतर जवळजवळ दिसेनाशी झाली. निस्सान मात्र हटलेली नाही. २०२५ च्या जपान मोबिलिटी शोमध्ये तिनं नवी, पुन्हा उंच केलेली एलग्रँड मांडली.

तिसरी पिढी आली जानेवारी २०१५ मध्ये, आणि गाडीचा रोख उघड झाला. समोरची जाळी जवळजवळ सगळा चेहरा व्यापून बसली. मागच्या चाकांना आतापर्यंत एकाच आडव्या तुळईनं जोडलेलं साधं सस्पेन्शन होतं. त्याच्या जागी डबल विशबोन आलं, म्हणजे दोन्ही चाकं आपापली हलायला मोकळी झाली. हा बदल मला पहिल्याच दिवशी कळला. जोडावरचा दणका होता, पण तो एकदाच लागून संपायचा, पूर्वीसारखा डुचमळत राहायचा नाही. आणि 'एक्झिक्युटिव्ह लाउंज' नावाचा प्रकार आला. दुसऱ्या रांगेत विमानातल्या बिझनेस क्लासच्या दोन खुर्च्या. पाय उचलून धरणारा ओटोमन, घडीचं टेबल, दोन्ही बाजूंना रुंद हात.

त्या हातांनी माझी वाट अडवली. मागे जाण्यासाठी दोन खुर्च्यांच्या मधूनच शिरावं लागे, आणि ती फट आता पोट आत ओढून, पर्स डोक्यावर धरून पार करण्याइतकीच उरली होती. मी आधी चढायचं आणि सगळ्यात शेवटी उतरायचं. तोवर यजमान बाहेर ताटकळत उभे. खुर्चीचे खांदे इतके उंच आणि रुंद, की मागून मला पाहुण्यांचं फक्त टक्कल दिसायचं. आधी मी चेहऱ्याची एक बाजू तरी वाचू शकत होते. माणूस आकडा ऐकून ओठ आवळतो का, हे दुभाष्याला दिसावं लागतं.

त्या खुर्चीचा आणखी एक परिणाम कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नाही. पाहुणे झोपायला लागले. मुंबईहून रात्रीच्या विमानानं निघालेला, साठीकडे झुकलेला माणूस, दुपारचं जेवण पोटात, ओटोमनवर पाय. चाकणचे एक मोठे कारखानदार तर दुसऱ्या सिग्नलच्या आत घोरू लागत. यजमान हळू आवाजात मला म्हणत, राहू द्या, झोपू द्या. ज्या व्हॅननं माझी सुट्टी काढून घेतली होती, तिनंच ती थोडीफार परत दिली.

आमच्या पाहुण्यांपैकी एक अकोल्याकडचे होते. त्यांना घेऊन आम्ही मिए प्रांतातल्या इनाबेजवळच्या एका छोट्या पुरवठादाराकडे निघालो होतो. इनाबेत टोयोटा ऑटो बॉडीचा कारखाना आहे आणि अल्फार्ड तिथेच बनते, हे मी त्यांना सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. आमची अल्फार्ड एका फाटकाशी थांबली होती आणि समोरून होकुसेई मार्गाची पिवळी छोटी गाडी चालली होती. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेचं तेवढंच, आणि जुन्या बार्शी लाइटचंही. पाहुणे काच खाली करून बघत राहिले आणि म्हणाले, "आपली बंद पडली न् यांची चालू आहे, बघा." पुढचा अर्धा तास मी यजमानांना शकुंतला एक्स्प्रेसविषयी सांगत होते. कामाच्या विषयाला हात लागला नाही.

मधल्या काळात अल्फार्डचा गिऱ्हाईकही बदलला. मे २०२० पासून टोयोटाच्या सगळ्या दुकानांत सगळ्या गाड्या मिळायला लागल्या, आणि दोन तोंडांमधून एक निवडायची मोकळीक येताच लोकांनी अल्फार्ड उचलली. त्या वर्षी ती नव्वद हजारांच्या वर खपली, व्हेलफायर तिच्या चौथाईलाही पोचली नाही. माझ्या इमारतीखाली तिशीतल्या एका बापानं नवी अल्फार्ड आणली तेव्हा मला नवल वाटलं. त्यानं हिशेब सांगितला: तीन किंवा पाच वर्षांनी गाडीची जी किंमत उरेल ती आधीच बाजूला काढायची आणि फक्त उरलेल्या रकमेचे हप्ते भरायचे. अल्फार्डची जुनी किंमत पडतच नाही, म्हणून हप्ता बेताचा. परदेशातून इतकी मागणी, की जुनी गाडीही तोऱ्यात विकली जाते. चोरांनाही हे ठाऊक आहे; आइचीत अल्फार्डच्या स्टिअरिंगला कुलूप लावलेलं सर्रास दिसतं. त्या बापाच्या गाडीत माझ्या साहेबांच्या जागी बाळाची सीट बांधलेली आहे आणि माझ्या जागेवर मोठी मुलगी पाय हलवत बसते. तिला ती जागा सर्वांत आवडते, कारण तिथे कोणी बघत नाही.

भारतात ही गाडी फेब्रुवारी २०२० मध्ये व्हेलफायर म्हणून गेली, साडेएकोणऐंशी लाखांना. त्यानंतरचे पाहुणे विमानतळावर गाडी बघूनच ओळखू लागले, "ही तर आपल्याकडे नटांकडे असते." दाराला आता कोणी हात लावत नाही.

जून २०२३ मध्ये चौथी पिढी आली. तिच्याविषयी मला गांभीर्यानं बोलावंसं वाटतं, कारण टोयोटाच्या माणसांनी या वेळी हत्यार उपसलं ते थेट माझ्या जुन्या शत्रूवर, त्या धबधबीवर. सरकत्या दाराच्या भोकाखालचा उंबऱ्याचा भाग मागपर्यंत सरळ नेला, गाडीच्या पोटाला मागच्या बाजूनं व्ही आकाराचे टेके दिले, पत्रे जोडताना दोन प्रकारचे चिकटपदार्थ जागा बघून वापरले. दुसऱ्या रांगेच्या खुर्चीची चौकट रुळांवर जिथे बसते तिथे रबरी बुश घातले, आणि पाठीला, हातांना हळूहळू दबणारा फोम. अंगाला पोचणारी थरथर पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शावर आल्याचं कंपनी सांगते. रबराचे बुश अर्थात दुसऱ्या रांगेलाच आहेत. पण सांगाडा सगळ्यांचा एकच असतो, आणि सांगाडा शांत झाला की मागेही शांत होतं. आता मी न वाकता, घरातल्या आवाजात बोलते आणि पुढे ऐकू जातं. वही पुढे धरायची सवय केव्हा सुटली ते कळलंही नाही.

गाडीची लांबी ४,९९५ मिलिमीटर. पाच मीटरच्या पुढे गेली तर जपानातल्या नेहमीच्या पार्किंगच्या चौकोनात मावत नाही, म्हणून पाच मिलिमीटर अलीकडे थांबले. चाकांमधलं अंतर आधीचंच, तीन मीटर. त्यातूनही त्यांनी पुढची खुर्ची आणि दुसरी रांग यांत पाच मिलिमीटर, आणि दुसरी व तिसरी रांग यांत दहा मिलिमीटर जास्त काढले. हे वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. कुठल्यातरी टेबलावर, कुणीतरी, तिसऱ्या रांगेतल्या गुडघ्यांचा विचार करत बसलं होतं. दार उघडलं की आपोआप बाहेर येणारी पायरीही आता मिळते. साडी नेसून अल्फार्डमध्ये चढणं काय असतं, हे पहिल्या तीन पिढ्यांच्या आरेखकांपैकी कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणि एवढं सगळं जमून आल्यावर लेक्सस एलएम आली. हाडापेरानं तीच गाडी, लेक्ससच्या कपड्यांत. चीनसाठी ती २०१९ पासून होती. जपानात ती २०२३ मध्ये विकायला आली, चार आसनी, दोन कोटी येनांना. पुढे दोन जागा, मागे दोन. मधे भिंत, भिंतीवर ४८ इंची पडदा, त्याच्या वर हवी तेव्हा खालीवर होणारी आणि अपारदर्शक होणारी काच. तिसरी रांग नाहीच. एका कंपनीनं आमच्या पुण्याच्या पाहुण्यांसाठी हौसेनं ती मागवली. मी पुढे, चालकाशेजारी. काच खाली केली तरी मागचे दोघं इतके लांब आणि मागे रेललेले, की मला सीटबेल्टमध्ये उलटं वळून बोलावं लागत होतं, आणि ड्रायव्हर त्यावरून अस्वस्थ. शेवटी पाहुणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोन करा बरं." पुढच्या जागेवरून मी मागच्या जागेवर फोन लावला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला, आणि जेमतेम दोन मीटरांवरून आम्ही उरलेला प्रवास फोनवर बोलत केला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

पुढच्या मे महिन्यात लेक्ससनं सहा आसनी एलएमही आणली. ज्या कंपनीकडून आम्ही गाड्या घेतो, तिथली बुकिंग घेणारी मुलगी आता एलएमचं नाव काढलं की आधी विचारते, सोबत दुभाषी आहे का. असेल तर ती सहा आसनी देते, नाहीतर अल्फार्ड सुचवते. मी अल्फार्डच सांगते. स्वस्तही पडते.